नमुना सात, रकाना पाच

सोमवार, ता. ३

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर ही वही लिहून दिली. वही मीच आणली, कार्यालयातली नव्हे, स्वतःच्या खर्चाने. त्यांनी सांगितलं ते एवढंच की राग आला की लिहा. मी म्हटलं, मला राग येत नाही, मला चुका सहन होत नाहीत. ते म्हणाले, मग चुका लिहा. सौ. शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती जमिनीकडे बघत राहिली.

तर लिहितो. वय सत्तावन्न, हुद्दा अनुदान तपासणी अधिकारी, निवृत्तीला आठ महिने. अठ्ठावीस वर्षांत माझा एकही अहवाल वरून परत आलेला नाही.

आजची चूक: सकाळी चष्मा जागेवर नव्हता. जागा ठरलेली आहे, टीव्हीच्या डावीकडे. मी एकदाच विचारलं, जरा मोठ्याने. चष्मा माझ्याच खिशात निघाला तो भाग वेगळा. जागेवर का नव्हता हा प्रश्न उरतोच.

लेक आणि नात कालच आल्या आहेत. लेकीच्या बँकेचं इथे तीन आठवड्यांचं प्रशिक्षण आहे आणि नातीला शाळेची सुटी. नात सहा वर्षांची, घरात सगळे ठकू म्हणतात. चष्म्याची शोधाशोध चालली होती तेव्हा ती दूध पीत होती. पिऊन झाल्यावर कप धुतला आणि पालथा घालून ठेवला, कुणी न सांगता. लेकीने वळण चांगलं लावलंय.

बुधवार, ता. ५

आधारगृहाची फाइल टेबलावर आली. मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाया आणि त्यांची मुलं राहतात ते घर. बायांच्या राहण्याचं अनुदान वेगळं, त्याची तपासणी दुसरा माणूस करतो. माझ्याकडे बालसेवा अनुदान: मुलांची खोली, तिथली ताई, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या समुपदेशक आणि शाळेची गाडी. या वर्षी त्याचं नूतनीकरण आहे. अट अशी की संस्थेत किमान बारा पात्र मुलं हवीत.

पात्र कोण हे ठरतं नमुना सातवरून, आणि नमुना सात माझा आहे. अकरा वर्षांपूर्वी मी तयार केला. त्याआधी संस्थावाले निबंध लिहून पाठवायचे. 'मूल गप्प असते.' गप्प असणं म्हणजे काय? आमचं निम्मं कार्यालय गप्प असतं. ते सगळं मी उडवलं आणि रकाना पाच घातला: बालकास प्रत्यक्ष मारहाण झाली आहे काय? होय / नाही. एक खूण करायची, की झालं. खाली एक ओळही टाकली: 'उत्तर नाही असल्यास पुढील रकाने भरण्याची आवश्यकता नाही.' तेवढाच कागद आणि वेळ वाचतो. यात कुणाला चुकायला जागाच ठेवलेली नाही.

संध्याकाळी वेळेवर घरी. मी किल्ली लावली की सौ. आत रेडिओ बंद करते. आल्याआल्या गोंगाट मला चालत नाही हे तिला सांगावं लागत नाही. बॅग कशी ठेवली त्यावरून चहा लगेच द्यायचा की जरा थांबून, हेही तिला कळतं. तेहतीस वर्षांचा संसार आहे. आताच्या पोरींना हे जमायचं नाही.

शुक्रवार, ता. ७

आधारगृहाला पहिली भेट. बाहेर पाटी नाही. दाराला दोन कड्या आणि एक भिंग. अधीक्षिका म्हणजे वाळकी, उंच बाई, अंबाड्यात पेन खोचलेलं. थेट मुख्याध्यापिकेसारखी बघते, म्हणून मनातल्या मनात मी तिला हेडबाई म्हणायला लागलो.

दारातच म्हणाली, "साहेब, आवाज जरा खाली ठेवा. आणि काही पडलं-आपटलं तर काळजी करू नका, आम्ही सांगतो काय ते."

मला वाटलं, काहीतरीच. तेवढ्यात मागे कुठेतरी बादली पडली आणि आतून एक बाई सपाट आवाजात म्हणाली, "काही नाही, बादली होती." थोड्या वेळाने वर दार आपटलं. "काही नाही, वाऱ्याने दार." चिमुरडी पोरंसुद्धा हेच करतात. खडूचा डबा सांडला तर त्यातलं एक सांगतं, "काही नाही, डबा होता." मोठा आवाज झाला की त्याचं नाव सांगायचं, अशी इथली पद्धत आहे म्हणे. टिपणात लिहिलं: अनावश्यक बडबड, शिस्तीस बाधक.

मुलं एकोणीस. एकेकाला बोलावून नमुना भरला. रकाना पाच: होय पाच, नाही चौदा. या चौदांनी पाहिलंय, ऐकलंय, पलंगाखाली लपलीत, एकाने शेजाऱ्यांच्या फोनवरून पोलिसांना कळवलंय. पण ऐकण्याचा रकाना नाही.

दोघी बहिणी लक्षात राहिल्या. थोरली नऊची, धाकटी सातची. बाप घरातल्या वस्तू फोडायचा आणि वस्तू संपल्या की आईवर यायचा. पोरींना बोटही लावलं नाही. रकाना पाच, दोघींचाही: नाही, नाही. थोरली सारखी माझ्या बॅगेकडे बघत होती. चामड्याची आहे, चांगल्या बकलांची, आवडली असेल. मी तिला बकल उघडून दाखवलं. तिने हात लावला नाही.

निघताना हेडबाई म्हणाली, "मारलं का विचारलं की ती नाही म्हणते, कारण ती खरं बोलते. तुमच्या कागदावर खरं बोललेलं मूल बाद होतं, साहेब."

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

मुलींची आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. ती जिन्यात थांबली होती. बालसेवा बंद झाली तर सहा वर्षांवरच्या मुलांना इथे ठेवता येत नाही, तो नियम वेगळा आहे, माझा नाही. अशा मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बालगृहात पाठवतात. तिने विचारलं, "पोरी तिकडे गेल्या तर मी इथे राहून काय करू?" मग स्वतःच म्हणाली, "त्यापेक्षा परत जाईन. तिथे निदान तिघी एकत्र असू."

मी सांगितलं की तो निर्णय तुमचा. खरं तेच सांगितलं, पण बसमध्ये पेपर उघडला तो वाचला गेला नाही.

रविवार, ता. ९

दुपारी जेवताना गंमत म्हणून आधारगृहातली ती बादलीची पद्धत सांगितली. नक्कल केली. लेक हसली नाही. ठकूने मात्र कान टवकारले. "म्हणजे कुठलाही आवाज झाला तरी सांगायचं?" म्हटलं, कुठलाही. संध्याकाळपर्यंत तिने घर डोक्यावर घेतलं. काही नाही, ग्लास होता. काही नाही, आजीचा डबा होता. काही नाही, मला शिंक आली. सौ. पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. ती अशी हसते हे मी विसरूनच गेलो होतो.

मंगळवार, ता. ११

सकाळी चहा कोमट होता. बशी फुटली. फेकली नाही, ठेवताना जोर लागला. बोलायचं ते बोलून मी मोकळा झालो. माझं असंच असतं, मनात काही ठेवत नाही, पाच मिनिटांत सगळं शांत. आयुष्यात कधी कुणावर हात उचललेला नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगू शकतो. आज ठकूने 'बशी होती' म्हटलं नाही. खेळाचा कंटाळा आला असावा.

आधारगृहाला दुसरी भेट, मुलांच्या खोलीची. चटया, कात्र्या, चिकटवहीचे कागद. मी बॅग टेबलावर ठेवली आणि थोरलीने पुन्हा मान वर केली. तिथल्या ताईला म्हटलं, हिला या बॅगेचं भारीच कौतुक. ताई तरुण आहे, आपल्या कामातून डोकं न उचलता बोलते.

"ती बॅग बघत नाही साहेब. तुम्ही ती कशी ठेवता ते बघते. घरात शिरलेला माणूस वस्तू कशी ठेवतो त्यावरून तिला पुढचा तास कळतो. इथली पुष्कळ मुलं तशीच. काही न सांगता आपलं ताट-कप उचलतात. चपला दाराकडे तोंड करून काढतात. आम्ही त्याला शहाणपणा म्हणत नाही."

मी हे लिहून घेतलं, जरी त्याला रकाना नाही.

आता जे लिहितोय ते फक्त या वहीत. संध्याकाळी मी घरी आलो, बॅग ठेवली, आणि ठकू बॅगेकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही. चपला बघितल्या. दाराकडे तोंड. पहिल्या दिवशीचा तो धुतलेला कप आठवला. जावयाच्या घरात काहीतरी चाललंय.

गुरुवार, ता. १३

दोन दिवस लक्ष ठेवलं. मी सोफ्यावरून उठलो की ठकूचं रंगवणं थांबतं. बसलो की पुन्हा सुरू. तिला आणखी काही हवं असेल तर ती आधी आजीकडे बघते, मग माझ्याकडे, मग मागतच नाही. जावई दिसायला अगदी मऊ भात. बोलतो तर ऐकू येत नाही. असेच लोक आतून कसे असतात ते मी फायलींत वाचलंय.

कामाचं म्हणाल तर आज अहवाल पाठवला. पात्र मुले पाच, आवश्यक बारा. शिफारस: बालसेवा अनुदानाचे नूतनीकरण करू नये. घरचं घरी आणि कामाचं कामी. सही करताना इस्त्रीवाली बाई डोळ्यांपुढे आली. पण डोळ्यांपुढे येणाऱ्या माणसांवर अहवाल लिहायला लागलो तर कार्यालय बंद करावं लागेल.

शनिवार, ता. १५

लेक प्रशिक्षणाला गेल्यावर जावयाला फोन केला. आडवळणं मला जमत नाहीत. सरळ विचारलं, तुमच्या घरात आवाज चढतो का, वस्तू आपटल्या जातात का, ठकू घाबरलेली दिसते.

तो म्हणाला, "बाबा, हे तुम्ही तिलाच विचारा. मी सांगणं बरं दिसणार नाही."

चोराच्या तोंडची भाषा. रक्तदाब मोजला, वरचा एकशे सत्तर.

रविवार, ता. १६

जेवणं झाली होती, भांडी अजून टेबलावर होती. ठकू खिडकीखाली रंगवत बसली होती. लेकीनेच विषय काढला.

"तुम्ही त्याला फोन केलात?"

"करणारच. अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. पोरगी बॅगेकडे बघते. कप धुऊन पालथा घालते. चपला दाराकडे तोंड करून काढते. मला लक्षणं कळतात."

"कळतात?" लेक म्हणाली.

"त्या घरात काय चाललंय ते मला आत्ताच्या आत्ता समजलं पाहिजे," मी म्हटलं, आणि माझा हात टेबलावर पडला. जोरात पडला. चमचे उडाले, एक वाटी खाली गेली.

सौ. उठता उठता अर्धवट थांबली. मग खिडकीखालून ठकू म्हणाली, मान वर न करता, त्या आधारगृहातल्या बाईच्या आवाजात, जो मीच तिला शिकवला होता:

"काही नाही. आजोबा होते."

लेकीने वाटी उचलून टेबलावर ठेवली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तिकडे ती कप उचलतसुद्धा नाही, बाबा. मी दहादा ओरडते तेव्हा उठते. तिकडे ती बापाच्या पाठीवर बसून घरभर फिरते. चपला कुठेही फेकते. तुम्ही सांगता ते सगळं ती इथे आल्यावर करते. मीसुद्धा इथेच शिकले."

"मी तुझ्यावर कधी हात उचललाय?"

"नाही."

"तुझ्या आईवर?"

"नाही. कधीच नाही."

"मग?"

तिने ठकूला कडेवर घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. सहा वर्षांची पोर, कडेवर घ्यायचं वय नाही. सौ. भांडी गोळा करायला लागली, एकावर एक, आवाज न करता.

सोमवार, ता. १७

रजा टाकली. कारण: प्रकृती.

सौ.ला विचारलं, तू कधी बोलली का नाहीस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कधी बोलायचं? तुम्ही आल्यावर, की जायच्या आधी?" हे तिने टोमणा मारायला म्हटलं नाही. तिला खरंच वेळ सापडली नसावी.

मंगळवार, ता. १८

कार्यालयात कोरा नमुना सात घेतला आणि भरला. बालकाचे नाव: लेकीचं. वय: नऊ, तेव्हाचं. रकाना पाच: नाही. मग खालची ओळ वाचली. पुढील रकाने भरण्याची आवश्यकता नाही. किती सुबक छापून घेतली होती.

तरीही पुढचे रकाने भरायला बसलो. लेक आठ-नऊ वर्षांची असताना मी आलो की धावत दारात यायची आणि माझ्या हातातून बॅग घ्यायची. जड असायची, दोन्ही हातांनी उचलून आत न्यायची, अलगद ठेवायची. मी चारचौघांत सांगायचो, पोरगी बापवेडी आहे. आता कळतंय की मी ती ठेवू नये म्हणून ती धावत यायची. थोडं प्रेमही असेल. विचारायची हिंमत नाही.

अकरा वर्षांपूर्वी हा रकाना लिहिताना मनात काय होतं ते आठवून बघतोय. सोपेपणा होता, वेळेची बचत होती. आणि एक गोष्ट होती जी तेव्हा मला दिसली नाही: या प्रश्नावर मी स्वतः स्वच्छ सुटत होतो. लाज वाटते. डॉक्टर म्हणाले होते चुका लिहा, तर ही घ्या.

गुरुवार, ता. २०

अहवाल मागे घेण्याचा अर्ज दिला. उपसंचालकांनी चष्मा काढला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, माणूस बरा आहे.

"अहो, स्वतःचा अहवाल कोणी मागे घेतं का? आठ महिने राहिलेत तुमचे. आकडा चुकलाय का?"

"आकडा बरोबर आहे. प्रश्न चुकलाय."

"प्रश्न तुमचाच ना?"

"म्हणून तर."

त्यांनी अर्ज वाचला. अर्जात कारणाचा रकाना असतो, तो रिकामा ठेवता येत नाही. मी लिहिलं होतं: 'नमुना सात सदोष आहे. तो तयार करणाऱ्याने स्वतःच्या घराला लावून पाहिला. मारहाण: नाही. तरीही त्या घरातील मूल आज एकतीस वर्षांचे असून बॅग कशी ठेवली यावरून पुढचा तास ओळखते. सदर आधारगृहातील चौदा मुले त्याच प्रकारची आहेत. त्यांना पात्र धरावे व रकाना पाच बदलावा.'

उपसंचालक म्हणाले, "हे फाइलमध्ये राहील. येणारा-जाणारा वाचेल. जरा गोल गोल लिहून देता का?"

मी म्हटलं, अकरा वर्षं गोलच लिहिलं.

त्यांनी शिक्का मारला. अहवाल मागे घेतला की नवीन तपासणी होईपर्यंत जुनं अनुदान चालू राहतं. निदान पुढचे तीन-चार महिने ती खोली राहील. तपासणी अर्थातच दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल. रकाना बदलायचा की नाही ते समिती ठरवणार, आणि समिती म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. बातमी जेवणाच्या सुटीपर्यंत पसरली. डबा खायला माझ्या टेबलावर कुणी आलं नाही.

रविवार, ता. २३

लेक आणि ठकू गेल्या. स्टँडवर लेकीची बॅग मी घेतली होती. गाडीत ती दोन्ही हातांनी ठेवली. लेकीने ते पाहिलं. गाडी हलताना म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या, बाबा." ठकूने हात हलवला. पुढच्या सुटीत येशील का, हे मी विचारणार होतो, पण तिने आधी आईकडे बघितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

सोमवार, ता. २४

आधारगृहात पत्र द्यायला स्वतः गेलो. टपालाने गेलं असतं. हेडबाईने उभ्याउभ्या वाचलं, अंबाड्यातलं पेन काढून पोच दिली आणि पेन परत खोचलं. "बसा," म्हणाली. याआधी दोनदा आलो तेव्हा तिने मला बसा म्हटलं नव्हतं.

मुलांच्या खोलीत गेलो. दोघी बहिणी चटईवर कागद कापत होत्या. थोरलीने मान वर केली. उगाच अलगद ठेवली असती तर तिला तेही कळलं असतं, म्हणून बॅग नेहमीसारखी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काही नाही, बॅग होती." ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा कापायला लागली. कागदाची साखळी करत होत्या, खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाईल एवढी. आई सातला येते, तोवर पुरी करायची होती.

तिथून घरी. जिन्यातच रेडिओ ऐकू आला. कुठलं तरी जुनं गाणं होतं आणि सौ. त्याबरोबर गुणगुणत होती. सूर चांगला होता. तेहतीस वर्षांत मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही, कारण ते नेहमी दारापलीकडे असायचं. गाणं संपेपर्यंत पायपुसण्यावर उभा राहिलो. शेजारीण वर जाताना विचारून गेली, किल्ली विसरलात का. म्हटलं, नाही.

मग किल्ली लावण्याआधी बाहेरूनच म्हणालो, जमेल तितक्या साध्या आवाजात, "काही नाही, किल्ली आहे. मीच आहे."

आत रेडिओ बंद झाला.